मागून येणाऱ्याची लाट

९ फेब्रुवारी

मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. या पत्राचे आधीचे कागद मी फाडले. त्यांत सुरुवातीला बातमी चांगली वाटायची आणि खाली येईपर्यंत बिघडायची. आता जसं आहे तसं लिहितो.

चांगली बातमी अशी की, मला नव्या प्रवासी लाँचचं चाक मिळालं. दोर फेकणं, दोर ओढणं, फळी लावणं हे सगळं सुटलं. साहेबांनी चाकावर बसवताना एवढंच सांगितलं, "तीन तक्रारी आल्या की परत दोरावर." मी म्हटलं, येणार नाहीत.

बिघडलेली बातमी अशी की, पहिली येऊन गेली.

मामा, मी तुम्ही शिकवलंत तसंच करतो. आपल्यामागे उठलेली लाट आपली, ती दुसऱ्याच्या बोटीत शिरली तर दोष आपला, हे तुम्ही आपल्या मालवाहू पडावावर मला इतक्यांदा ऐकवलंय की मी ते झोपेतही म्हणत असेन. समोरून लहान होडी दिसली किंवा काठाला बांधलेली बोट दिसली, की मी लगेच वेग निम्म्यावर आणतो. माझ्याआधीचा चालक काहीच कमी करायचा नाही, सरळ सुसाट जायचा. तरी लोक त्याला हात करायचे आणि मला शिव्या देतात.

वळणावर एक जुनी बोट कायमची बांधलेली असते. तिच्यात कपडे शिवून देणारी एक बाई राहते. नदीवर सगळे तिला शिवणवाली म्हणतात. परवा मी तिच्याजवळून नेहमीसारखा निम्म्या वेगाने गेलो आणि मागे वळून पाहिलं, तर तिची बोट पाळण्यासारखी डुलत होती. ती एका बाहीचा सदरा हातात धरून दारात उभी होती आणि ओरडत होती. इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. तक्रार तिचीच.

मी कुठे चुकतोय ते मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून चैन पडत नाही. हल्ली मी रस्त्यावर चालतानाही मागे वळून बघतो. खानावळीत हातात ताट घेऊन जाताना वळलो, तर वाढपी म्हणाला, "पोलिस लागलेत का रे मागे?" सगळे हसले. मीही हसलो, पण परत एकदा वळून पाहिलंच.

तुम्ही सांगा, मी काय करू.

तुमचा भाचा


२० फेब्रुवारी

पंतोजी,

आशीर्वाद. मी मामी लिहितेय, पण शब्द यांचे आहेत. यांना लिहायचा कंटाळा आलाय म्हणे. मध्ये माझं काही घालायचं असेल तर कंसात घालेन, म्हणजे तुला कोण बोलतंय ते कळेल.

चाक मिळालं हे ठीक झालं. (ठीक कसलं! पत्र आलं तेव्हा वीटभट्टीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आले.) पण खोटं लिहू नकोस. वेग निम्मा केला की लाटही निम्मी होते. पडावावर तू हे डोळ्यांनी पाहिलं आहेस. निम्म्या वेगात बांधलेली बोट पाळण्यासारखी डुलत नाही. म्हणजे तू वेग कमी करतच नाहीस, किंवा अगदी बाईच्या दारात गेल्यावर करतोस. नवीन लाँच, पांढरा रंग, लोक काठावरून बघताहेत, त्यात हात आखडता घ्यायचं भान कुठून राहणार?

लाकूडवाला परवा तुमच्याकडून वर आला. तोही म्हणाला, नव्या लाँचवरचं पोरगं फार पाणी उडवतं. मी त्याला सांगितलं नाही की ते पोरगं माझं आहे. (सांगितलं. आणि मग त्याच्याशी भांडले.)

मार्चअखेर आम्ही कौलं भरून खाली येऊ. तुझ्या हद्दीतून जावं लागेल. पडाव भरलेला असेल, काठ पाण्यापासून वीतभरच वर. तेव्हा मी स्वतःच बघेन तू काय दिवे लावतोस ते.

मामा

(जेवतोस ना वेळेवर? खानावळीतल्या माणसांकडे लक्ष देऊ नकोस. — मामी)


६ मार्च

मामा,

नमस्कार. तुमचं पत्र तुमच्या अक्षरात नाही हे पाकिटावरच दिसलं. मला आजवर तुम्ही कधी दुसऱ्याच्या हाताने पत्र पाठवलं नव्हतं. इतका राग आला असेल तर तो योग्यच आहे असं मी आधी धरलं. पण मी खोटं लिहिलं नव्हतं. आता मला कळलंय काय होतं ते, आणि तुम्हालाही आश्चर्य वाटेल.

दरम्यान दुसरी तक्रार आली. एक मासेवाला आहे, त्याची टोपली माझ्या लाटेने पाण्यात गेली. साहेबांनी मला बोलावलं आणि हाताची दोन बोटं वर केली.

सुट्टीच्या दिवशी मी शिवणवालीकडे गेलो. क्षमा मागायची होती आणि विचारायचंही होतं. ती मशीनवर बसली होती. मशीनचे पाय तिने फळीला दोरीने बांधून टाकले होते. वर न बघता म्हणाली, "आलास? बस. काही धरून बस."

मी म्हटलं, "मावशी, मी तर तुमच्यासाठी वेग कमी करतो."

"तेच तर म्हणते मी. तो आधीचा सुसाट जायचा तेव्हा माझा चहा हिंदकळायचा. तू मेहरबानी करतोस तेव्हा सांडतो."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. तेवढ्यात माझी लाँच आली. सुट्टीच्या दिवशी बदलीवाला चालवतो, त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की वळणावर एकदा पूर्ण वेगाने ये आणि परतताना निम्म्या वेगाने जा. तो म्हणाला होता, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" पण त्याने केलं.

मामा, मी माझी लाँच बाहेरून चालताना कधी पाहिलीच नव्हती. पूर्ण वेगात ती पाण्यावर उचलली जाते आणि वरवरून सरकत जाते. लाट लांब असते, पण बसकी. निम्म्या वेगात तिची मागची बाजू खाली बसते, नाक वर होतं, आणि ती नांगरासारखी पाणी फाडत येते. मागे भिंतीसारखी लाट उभी राहते. चहा सांडला. शिवणवालीने माझ्याकडे पाहिलं आणि फडकं माझ्या हातात दिलं.

आपला पडाव जड आणि सपाट आहे, तो कधी पाण्यावर उचलला जातच नाही, म्हणून त्याचा वेग निम्मा केला की लाटही निम्मी होते. तुम्ही शिकवलंत ते पडावाला बरोबर होतं. या लाँचला तो मधला वेगच चालत नाही. आता मी बोटी दिसायच्या बऱ्याच आधी वेग एकदम खाली आणतो, माणूस चालेल इतका, आणि पुढे मोकळ्या पाण्यात वेळ भरून काढतो. शिवणवालीने काल पहिल्यांदा मान हलवली. हात अजून करत नाही.

आता एक विनंती. तुम्ही कौलं घेऊन याल तेव्हा आपली गाठ दोन दगडी भिंतींमधल्या अरुंद पट्ट्यात पडेल, कारण तुम्ही सकाळी तिथे पोचता आणि वेळापत्रकाप्रमाणे मीही तेव्हा तिथेच असतो. तिथे पूर्ण वेगाला बंदी आहे. तुमचा पडाव ज्या वेगाने चालतो त्यापेक्षा जरा जास्त वेगाने मला तुमच्या बाजूने जावं लागेल, आणि नेमका तोच माझा वाईट वेग. लाट भिंतीवर आपटून परत येईल. तुमचा काठ वीतभर.

इथे अशी रीत आहे: मागून येणाऱ्याने दोन आखूड भोंगे द्यायचे. पुढच्याने हात वर करायचा आणि स्वतःचं इंजिन मंद करायचं. मग मागचा रांगत रांगत पुढे जातो आणि लाट होत नाही. जड बोटीसुद्धा करतात. मी भोंगे देईन. तुम्ही कृपा करून हात करा आणि हळू व्हा.

तुमचा भाचा


१७ मार्च

पंतोजी,

लाँचचं सांगितलंस ते मी दोनदा वाचून घेतलं. असेल. मी तशी लाँच चालवली नाही, तेव्हा त्यात मी बोलत नाही. तुला खोटारडा म्हटलं ते मागे घेतो. (एवढं वाक्य सांगायला यांना पूर्ण चहा लागला.)

पण ही रीत कुठली? मागून येणाऱ्याला घाई, आणि हळू व्हायचं पुढच्याने? आमच्याकडे वर असलं काही नाही. आमच्यामागून कोणी येतच नाही. इतकी वर्षं मी या नदीवर माझ्या चालीने चाललो. ज्याला पुढे जायचं आहे त्याने जागा बघावी, वेळ बघावी, नाहीतर मागे राहावं. मी वेग कमी करणार नाही. भरलेला पडाव मध्येच मंद केला की सुकाणू ऐकत नाही, हे तू विसरलास काय? लाँचवर गेल्यापासून पडावाचं सगळंच विसरलेला दिसतोस.

२८ तारखेला सकाळी भिंतींपाशी असू. तुझं तू बघ.

मामा

(बाळा, हे बोलतात तितके कडक नाहीत. पण या वेळी मी समजवायला गेले तर अंगावर आले. काय झालंय ते मलाही सांगत नाहीत. जपून ये. — मामी)


२९ मार्च

मामा,

तुम्ही सुखरूप पोचलात हे धक्क्यावर कळलं. कौलं कोरडी उतरली हेही कळलं. बरं वाटलं.

काल जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मागून कसं दिसलं ते माहीत नसेल.

भिंतींच्या तोंडाशी मी पडाव ओळखला. दोन आखूड भोंगे दिले. मामी पुढे बांबू घेऊन उभी होती, ती वळली. तुम्ही सुकाणूपाशी होतात, माझ्याकडे पाठ करून. हात वर झाला नाही. मी थांबून परत दोन दिले. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. सुकाणूवर अंग टेकून, एखादा ओट्यावर रेलून उभा राहतो तसे उभे होतात. इंजिनाची फटफट तशीच चालू.

मी वेगाच्या दांड्याला हात लावला. जरा पुढे ढकलला असता तर तुमच्या पुढे गेलो असतो आणि वेळेवर पोचलो असतो. वीतभर काठ मला दिसत होता. कौलांच्या खालच्या ओळी पाण्याला टेकल्यासारख्या दिसत होत्या.

मी मागेच राहिलो. पूर्ण पट्टाभर तुमच्यामागे रांगत आलो. प्रवासी आधी घड्याळं बघत होते, मग एकमेकांकडे, मग माझ्याकडे. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "मी काठाने चालत निघालो असतो तर आत्ता कचेरीत असतो." दुसरे म्हणाले, "मग उतरा, पाणी काही फार नाही." त्यावर दोघांची जुंपली. एक बाई डोळे पुसत होती, तिची पुढची बस चुकणार होती. तिच्याकडे बघणं सगळ्यांत अवघड गेलं.

तिसरी तक्रार सगळ्या लाँचची मिळून एकच झाली. साहेबांनी विचारलं, "पुढे कोणाचा पडाव होता? ओळखतोस?" मी म्हटलं, "भरलेला होता, साहेब." त्यांनी परत विचारलं नाही. आजपासून मी दोरावर आहे. चाकावर बदलीवाला.

तुम्ही माझ्यावर रागावला आहात. पडाव सोडून गेलो त्याचा राग असेल. पण रागावलेल्या माणसालाही हात वर करता येतो, मामा. नदीवर आता अनोळखी लोकही मला हात करतात.

लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं आहे आणि हा कागद मी फाडणार नाही.

तुमचा भाचा


८ एप्रिल

बाळा,

हे पत्र माझं आहे. कंस नाहीत.

तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तू दोरावर गेल्याचं वाक्य आलं तेव्हा हे उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा मी म्हटलं, आता सांगणार आहात की मी सांगू? म्हणाले, तुला काय माहीत आहे? मी म्हटलं, तुमचा सदरा रोज मी घालून देते, मला माहीत नसेल?

यांचा उजवा हात खांद्यातून गेलाय. थंडीपासून कमी कमी होत गेला. आता कोपराच्या वर उचलला जातच नाही. पेन धरवत नाही म्हणून पत्र माझ्या हातचं. तुला वाटलं राग. डॉक्टर म्हणतात, बरा होईलही कदाचित, पण सुकाणू सोडा. सुकाणू सोडा म्हटल्यावर हे त्या डॉक्टरकडे परत गेले नाहीत.

तुझा भोंगा ऐकल्याबरोबर म्हणाले, "आलं आपलं कार्टं." चेहरा तू पाहायला हवा होतास. हसले होते. पण डावा हात आणि अंगाचा सगळा भार सुकाणूवर होता, तो काढला असता तर पडाव भिंतीवर गेला असता. इंजिनाचा दांडा उजवीकडे उंचावर आहे, उजवा हात तिथवर पोचत नाही. मग हळू कशाने होणार आणि हात कशाने दाखवणार? मी पुढे बांबू घेऊन होते, मला इंजिनातलं काही कळत नाही, आणि पडाव हळू न होता मी नुसता हात केला असता तर तू फसला असतास. मान वळवली तरी खांद्यात कळ येते. म्हणून वळले नाहीत. मागे राहिलास तेव्हा मला म्हणाले, "बघितलंस? मागे राहिला." एवढंच.

हे सगळं तुला आधीच लिहायला हवं होतं. पण भाच्यासमोर यांना लंगडं दिसायचं नव्हतं आणि मला यांच्याशी भांडायचं नव्हतं. तुझं चाक गेलं ते आमच्या दोघांमुळे.

मी आता सुकाणू शिकतेय. हसू नकोस. हे शेजारी बसून डाव्या हाताने इंजिन सांभाळतात आणि तोंडाने मला. काल म्हणाले, "तुझ्यापेक्षा रेडा बरा वळतो." मी पडाव किनाऱ्याला लावला आणि म्हटलं, आणा मग रेडा. संध्याकाळपर्यंत बोललो नाही. आज बोलतोय.

मे महिन्याच्या पाच तारखेला परत कौलं आहेत.

तुझी मामी


१५ एप्रिल

मामा, मामी,

मी पत्र वाचलं आणि आधी धक्क्यावर जाऊन सगळे दोर पुन्हा गुंडाळले. ते गुंडाळलेलेच होते.

मामा, मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते परत घेता येत नाही, कारण तुम्ही ते ऐकलंत. पण मागून मला फक्त पाठ दिसत होती.

मी तिकडे येतो. पडावावर तिसरा माणूस हवाच आहे. मला सुकाणूही येतं आणि इंजिनही. चाक गेलेलंच आहे. दोर काय, इथे ओढायचे तसे तिथे. मामी, तू सुकाणूवर आणि मामा ओरडताहेत हे डोळ्यांसमोर आलं की मला बसवत नाही. कळवा, मी साहेबांना सांगून निघतो.

तुमचा भाचा


६ मे

मामा, मामी,

माझ्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. काल नदीवर दिलंत असं मी समजतो, तरी लिहून विचारतोच.

काल मी लाँचच्या नाकावर दोर घेऊन उभा होतो. भिंतींच्या तोंडाशी पडाव दिसला तसा बदलीवाला ओरडला, "तोच खडूस आहे बघ पुढे! हा जन्मात हात देत नाही." त्याचा हात दांड्याकडे गेला. मी म्हटलं, "भोंगे दे आणि जरा थांब." तो म्हणाला, "तुझ्यासारखं दोरावर जायचं नाही मला." पण दिले.

मी लाँचच्या नाकावरून जितका पुढे वाकू शकत होतो तितका वाकलो होतो. मामी, मला आधी तुझं पातळ दिसलं, मग हात. तू हात असा वर केलास, जसं कोणी वर्गात उत्तर येतं म्हणून करतं. आणि मग इंजिनाची फटफट मंद झाली. इतकी मंद की मध्ये मध्ये थांबल्यासारखी वाटली. पडाव जरा डगमगला, भिंतीकडे झुकला, आणि सरळ झाला. तोवर माझ्या हातातला दोर सैल पडला होता.

बदलीवाला म्हणाला, "अरे वा, आज सूर्य कुठून उगवला?" आणि त्याने वेग अगदी खाली आणला. आम्ही तुमच्या बाजूने गेलो तेव्हा दोन बोटींमध्ये पाणी नुसतं सुरकुतलं. कौलं कोरडी राहिली. मी हात केला. मामा, तुम्ही डावा हात दांड्यावरून न काढता, सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं ओरडलात, "तो दोर आधी नीट धर! पायात येईल!" ते कचेरीवाले गृहस्थ मला म्हणाले, "ओळखीचे दिसताहेत." मी म्हटलं, "मामा आहेत माझे."

लाँच वेळेवर पोचली. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. ते गृहस्थ त्यांना जाऊन सांगून आले होते, की त्या दिवशी हा पोरगा का मागे राहिला ते आज कळलं. साहेब म्हणाले, "मामाचा पडाव होता हे सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाचा असता तरी मागेच राहिलो असतो." त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, बदलीवाला जून महिन्यात पलीकडच्या मार्गावर जातोय, चाक घेणार असशील तर या आठवड्यात सांग.

मी काय सांगू? मामांचा खांदा तसाच आहे. मामी आत्ता कुठे शिकतेय. मी चाक घेतलं आणि एखाद्या दिवशी पडाव भिंतीकडे झुकला तो सरळ झाला नाही तर? सारखं तेच डोळ्यांसमोर येतं. तुम्ही 'ये' म्हणा, मी येतो.

तुमचा भाचा


११ मे

पंतोजी,

येऊ नकोस.

हे मी सांगतोय, लिहितेय ती, पण या वेळी तिने कंस घालायचा नाही असं ठरलंय. तू पडावावर आलास तर मी तुला सुकाणू देईन आणि तुझ्या शेजारी बसून तुझ्यावर ओरडेन, आणि तुझी मामी परत बांबू घेऊन पुढे जाऊन उभी राहील. तिला ते आता आवडायचं नाही. ती परवा मला न विचारता पडाव धक्क्याला लावून मोकळी झाली. बरा लावला.

तुझी ती रीत मी लाकूडवाल्याला समजावून सांगितली. तो म्हणाला, हळू पुढच्यानेच का व्हायचं? मी त्याला म्हटलं, पुढचा हळू झाल्याशिवाय मागच्याला लाट न उठवता जाता येत नाही. त्याला कळलं नाही. मलाही मार्चमध्ये कळलं नव्हतं.

मी हळू झालोय. तू चाक घे आणि पुढे जा. साहेबांना आजच सांग, आठवड्याची वाट बघू नकोस, नाहीतर कागद फाडत बसशील.

डॉक्टरकडे मंगळवारी जातोय. हे तिने सांगायला लावलं.

जूनमध्ये कौलं आहेत. भोंगे दे, आणि जवळून जाताना हात जरा मोठा दाखव. तुझ्या मामीला लांबचं नीट दिसत नाही, हे ती तुला सांगणार नाही.

मामा

(दिसतं. पण मोठाच दाखव.)